दिल्लीत एका रविवारी धरलेली झील

प्रवासवर्णन लिहायचं तर प्रवास तरी मोठा हवा, नाहीतर लिहिणारा तरी. माझ्याकडे दोन्ही नाही. मी दिल्लीत चार दिवस होतो आणि लाल किल्ला मेट्रोच्या नकाशावर तेवढा पाहिला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे वार्षिकांकात लिहिणं म्हणजे नेमकं काय करायचं हे विचारायलाही घरी कुणी नव्हतं. मराठीच्या सरांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिही. शहाणपण सांगू नकोस. काय खाल्लंस, काय ऐकलंस, काय वाचलंस, तेवढं सांग." म्हणून एका रविवारापुरतं लिहितो. ज्यांना दिल्ली नीट माहीत आहे त्यांनी हे वाचलं तर चुका मनातच ठेवाव्यात, ही विनंती.

आधी गेलो कशाला ते सांगायला हवं. गुरुग्राममध्ये जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचा एक खासगी संग्रह आहे. तिथे दोन वर्षांसाठी एक प्रशिक्षणार्थी हवा होता, मराठी येणारा. काम असं, की कानाला हेडफोन लावून जुन्या टेपा ऐकायच्या आणि कोण गातंय, राग कोणता, ताल कोणता, शब्द काय आहेत, हे लिहून काढायचं. त्याचा पगार मिळणार होता. गाणं ऐकण्याचा पगार असतो हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "नीट विचारून घे. फसवत असतील." वडील गवंडीकाम करतात आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ते एवढंच म्हणाले, की हे झालं तर उत्तम, नाहीतर मामांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर शब्द टाकलेला आहे. परीक्षा संपली की तिकडे हजर व्हायचं. म्हणजे एकीकडे दोन वर्षं गाणं होतं आणि दुसरीकडे उसाच्या ट्रकांचं वजन.

मुलाखत शुक्रवारी होती. अकराव्या मजल्यावर आम्ही चौघं होतो आणि बाकीचे तिघे कुणा ना कुणा गुरूंकडे शिकत होते. मुलाखत घेणाऱ्यांत कानिटकर मॅडम मुख्य. साठीच्या पुढच्या, पांढरे आखूड केस, बोलणं अगदी पुण्याकडचं, पण मध्येच हिंदी.

"शिकलास कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडे नाही, मॅडम. ऐकतो."

"अच्छा. ऐकताना गप्प बसता येतं का? आमच्याकडे पहिली गोष्ट ती. ध्वनिमुद्रण चालू असलं की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. जमेल?"

मी "जमेल" म्हणालो.

बाहेर लिफ्टपाशी त्या आम्हा चौघांनाही म्हणाल्या, की रविवारी सकाळी त्यांच्या घरी बैठक आहे, दिल्लीत असाल तर या. आणि निकाल रविवार संध्याकाळपर्यंत कळवू. पत्ता मी हाताच्या पंजावर लिहून घेतला. माझी परतीची गाडी सोमवारची होती.

सकाळ: नोएडा

मी समीरच्या खोलीवर उतरलो होतो. समीर शेख लातूरचा, बारावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर. तो करोलबागेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. खोलीत दोन पलंग आहेत, मध्ये एक पाऊल ठेवायला जागा आहे आणि भिंतीवर भारताचा नकाशा आहे. गाण्याचं त्याला वावडं आहे. तरी रविवारी सकाळी तो आंघोळ करून तयार बसला.

"तू कुठे?" मी विचारलं.

"तुझ्यासोबत. घरची बैठक म्हणजे नाश्ता असणार ना, यार? मग आजचा दिवस मी पण संगीतप्रेमी."

फेब्रुवारीचं ऊन कोवळं होतं. दिल्लीत त्या दिवसांत लोक उन्हात बसायला जागा शोधतात. आमच्याकडे सावली शोधतात, एवढा फरक पहिल्याच दिवशी लक्षात आला होता. मेट्रोतून यमुना ओलांडताना समीरने पुलाखाली बोट दाखवून "नदी" असं सांगितलं, जणू परीक्षेत विचारणार होते.

मॅडमचं घर एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर होतं. दार त्यांनीच उघडलं. मला पाहून त्या दारातच थांबल्या. मग म्हणाल्या, "आलास? मला वाटलं नव्हतं तू येशील. बरं वाटलं, खरंच." आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. बाकीच्या तिघांतलं कुणी आलं नव्हतं.

"हा माझा मित्र. याला पण गाण्याची आवड आहे," मी म्हणालो. समीरने गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

हॉलमधलं फर्निचर बाजूला करून सतरंज्या घातल्या होत्या. वीस-बावीस माणसं असतील. बरीचशी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेली मराठी मंडळी, काही शेजारी. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपत होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. मॅडमची नात सगळ्यांना पाणी देत होती. तिने मला विचारलं, "दादा, तुम्ही मांडी घालून बसणार की कुर्सी पाहिजे?" मी मांडी म्हणालो.

आधी नाश्ता. बाहेरून आणलेली बेडमी पुरी, म्हणजे डाळीचं वाटण भरलेली जाडसर पुरी, तिच्याबरोबर बटाट्याची पातळ आणि चांगलीच झणझणीत भाजी. आणि घरी केलेलं उपीट. आमच्याकडे पुरी म्हटलं की सणाचा स्वयंपाक. इथे ती रविवारी सकाळी, हातात ताटली धरून, उभ्या उभ्या खातात. मी उपीट आधी संपवलं आणि मग पुरीकडे वळलो. मॅडमनी न विचारताच माझ्या ताटलीत आणखी एक पुरी टाकली. समीरने चार खाल्ल्या. "पाचवीला पकडला जाईन," तो माझ्या कानात म्हणाला, "रागाचं नाव विचारतील."

गाणारे दिल्लीचेच होते, पन्नाशीचे. त्यांना सगळे पंडितजी म्हणत होते. समोर दोन मायक्रोफोन होते आणि कोपऱ्यात संग्रहाचा एक माणूस यंत्र घेऊन बसला होता. मॅडम उभ्या राहिल्या आणि आधी हिंदीत, मग मराठीत म्हणाल्या, "रेकॉर्डिंग सुरू होतंय. मोबाइल बंद. खोकला आला तर बाल्कनीत. दाद डोळ्यांनी द्या." लोक हसले. मी हसलो नाही. मला ते मुलाखतीचं राहिलेलं अर्धं वाटलं.

त्यांनी तोडी गायली. मी तोडी फोनवर पुष्कळदा ऐकली आहे, होस्टेलच्या गच्चीवर, एका कानात; दुसरा हेडफोन बिघडलेला होता. समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होतो. फोनवर कळत नाहीत अशा गोष्टी असतात. गाणारा माणूस सुराच्या आधी कुठे बघतो, हे कळत नाही. तबलजी समेच्या जरा आधी हसतो, हे कळत नाही. पंचमावर ते फार उशिरा आले. इतका वेळ त्याच्या अवतीभवती फिरून शेवटी आले, तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी डोळे मिटून नुसता तळहात उलटा केला. ही दाद मला फार आवडली. मी तासभर हललो नाही. पाय बधिर झाला तरी नाही. समीर भिंतीला टेकून झोपला होता, पण शांत झोपला होता, घोरत नव्हता.

मग मॅडमच्या आग्रहावरून शेवटी पंडितजींनी एक मराठी अभंग घेतला. उच्चार हिंदी वळणाचे होते, पण चाल मला ओळखीची होती. आमच्या मंडळात जवळजवळ तीच चाल आहे.

इथे जे झालं ते ज्यांनी भजन केलंय त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. भजनात पुढचा माणूस ओळ म्हणतो आणि सोडतो. मागे बसलेल्यांनी ती उचलून परत म्हणायची. याला झील धरणं म्हणतात. मी सातव्या वर्षापासून दर गुरुवारी झील धरत आलो आहे. पुढच्याने ओळ सोडली आणि मागून कुणी उचलली नाही, तर तो मोठा अपमान. अशा वेळी वडील पखवाजावरून डोळे वटारतात. त्यामुळे उचलायचं की नाही हा विचार आमच्यात कुणी करत नाही. ओळ सुटली की तोंड उघडतं.

पंडितजींनी ध्रुवपदाची ओळ समेवर आणून सोडली, आणि मी ती उचलली.

हळू नाही. देवळात उचलतो तशी, पूर्ण आवाजात.

अर्धी ओळ होईपर्यंत मला कळलंच नाही की खोलीत मी एकटाच गातोय. मग कळलं. मी थांबलो. यंत्राजवळच्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. समीर जागा झाला. तबला चालूच होता.

पंडितजी हसले. ठेक्यावर बोट आपटत माझ्याकडे बघून म्हणाले, "रुक क्यों गए? हमने तो ये हमेशा अकेले ही गाया है. आज किसी ने पकड़ा, तो आपने छोड़ दिया!"

त्यांनी ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा माझ्यासाठी सोडली. मी मान खाली घालून बसलो. ओळ अधांतरी राहणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कानिटकर मॅडमनी ती उचलली. आवाज बारीक होता, थोडा कापरा होता, पण सुरात होता. मग शेजारचे आजोबा, मग आणखी दोन-तीन बायका. तिसऱ्या वेळेला मीही धरली. रेकॉर्डिंग चालूच होतं.

सगळं संपल्यावर लोकांनी माझी पाठ थोपटली, नातीने विचारलं, "दादा, तुम्ही सिंगर आहात?" पण मला दुसरंच दिसत होतं. श्वास जपून घेणारा माणूस हवा होता, आणि मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच मायक्रोफोनसमोर ओरडलो होतो.

निघताना मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, माफ करा. सवयीने झालं."

"अरे, माफी कसली?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पुढे काय ठरवलंयस?"

मी म्हणालो, "अजून काही नाही."

"ऐकणं सोडू नकोस. ते नोकरीवर अवलंबून नसतं. बिल्कुल नसतं."

लिफ्टमध्ये समीर म्हणाला, "चांगल्या बोलल्या की."

"नाही रे," मी म्हणालो. "निरोप होता तो. झिलेने काम घालवलं."

दुपार: दिल्ली गेट

समीरचं मत असं की पोट भरलेलं असताना माणसाने दुःख करू नये, पुस्तकं बघावीत. दिल्ली गेटजवळ रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. मंडी हाऊसला मेट्रो बदलून आम्ही तिथे गेलो.

एका जागी इतकी पुस्तकं मी पाहिली नव्हती. आमच्या कॉलेजचं ग्रंथालय तीन कपाटांचं आहे आणि त्यातल्या एकाची किल्ली हरवली आहे. इथे पुस्तकं जमिनीवर थप्पी लावून ठेवलेली, आणि काही तर किलोवर विकत होती. एक विक्रेता तराजूत कादंबऱ्या टाकत होता. मी बराच वेळ त्या तराजूकडे बघत उभा राहिलो. समीरने माझ्या नजरेचा माग घेतला आणि म्हणाला, "काटा बघून ठेव. उपयोगी पडेल."

मी त्याच्यावर चिडलो. तो "सॉरी यार" म्हणाला आणि माझ्यासाठी छोले-कुलचे घेऊन आला. सायकलवर पितळी हंडा लावलेला माणूस होता. त्याने छोल्यांवर कांदा, मिरची, आंबट पाणी घातलं आणि कुलचा तव्यावर नुसता दाखवल्यासारखा गरम केला. कुलचा पावासारखा मऊ, पण चपटा. इथे भाजीत बुडवून खात नाहीत, कुलच्याने भाजी उचलतात. मी बुडवला, तो तुटून खाली पडला, आणि छोलेवाला म्हणाला, "भैया, प्यार से." दुसऱ्या कुलच्याने भाजी प्रेमाने उचलली.

एका ढिगात खाली मराठी अक्षर दिसलं. संगीताचं एक जुनं क्रमिक पुस्तक होतं, मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे नाव आणि लेखक दोन्ही मला सांगता येत नाहीत. विक्रेत्याला ते कोणत्या भाषेतलं आहे हेही माहीत नव्हतं. "नेपाली है शायद," तो म्हणाला. मी ते घेतलं.

दुपारनंतर: लोदी बाग

समीर चाचणी परीक्षेला गेला. मी लोदी बागेत गवतावर आडवा झालो. आमच्याकडे एवढ्या मोकळ्या जागेत कुणी दिवसा आडवा झाला तर लोक आजारी आहेस का विचारायला येतील. इथे सगळेच आडवे होते. जुन्या घुमटांच्या पायऱ्यांवर घरंच्या घरं डबे उघडून बसली होती. जवळच्या एका बाईंनी, माझ्याकडे डबा नाही हे पाहून, मुलीच्या हाती दोन मेथीचे पराठे पाठवले. मी नको म्हणालो. मुलगी पराठे माझ्या पुस्तकावर ठेवून पळाली.

पराठे खात मी पुस्तक वाचलं. आधीच्या कुणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने जागोजागी लिहिलं होतं: "हे जमत नाही." "हे आज जमलं." तोडीच्या पानावर नुसतं "पुन्हा" लिहिलं होतं, चार वेळा. मी सकाळची तोडी आठवून ते सूर मनात लावत गेलो. पंचमापाशी आलो की थांबायचो. असं बरेचदा केलं. फोन छातीवर ठेवला होता. तो वाजला नाही. एकदा हलला, तर कंपनीचा रिचार्जचा संदेश होता.

आता मागे पाहिलं तर वाटतं, तो दिवस चांगला होता. खाणं, ऐकणं, वाचणं, याखेरीज मी काही केलं नाही. असा दिवस माझ्या वडिलांना कधी मिळालेला नाही. पण तेव्हा मी दर पाच मिनिटांनी फोनकडे बघत होतो, हेही खरं आहे.

संध्याकाळ: कस्तुरबा गांधी मार्ग

समीर परत भेटला तो कस्तुरबा गांधी मार्गावर. तिथे आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवण मिळतं. घरची आठवण आली की तयारी करणारी मुलं तिथे जातात, आणि परीक्षा बिघडली की हटकून जातात. आम्ही पिठलं-भाकरी घेतली. शेजारच्या टेबलावर परभणीची दोन मुलं होती. त्यांनी आमची बोली ऐकून गाव विचारलं, मग तालुका, मग पाहुणे, आणि शेवटी एकाची मावशी आमच्या शेजारच्या गावात निघाली. दिल्लीत चार दिवसांत मला इतक्या चौकशा कुणी केल्या नव्हत्या.

"आला का फोन?" समीरने विचारलं.

"नाही."

"मग तू कर."

"असं कसं? त्या कळवू म्हणाल्या होत्या."

"तू ना, भिडेपायी मरशील एक दिवस."

मी केला नाही. साडेनऊपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःशी ठरवून टाकलं, की न कळवणं हेच कळवणं. मायक्रोफोनसमोर तोंड उघडणाऱ्याला कुणी कशाला फोन करील? सोमवारी गाडीत बसलो. गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घरी

घरी मी सगळं सांगितलं; पुऱ्या, पराठे, तोडी. झिलेचंही सांगितलं. वडील पखवाजाच्या तोंडावर शाईचा काळा लेप घोटत होते. ते म्हणाले, "उचललीस ना पण? सूर कसा होता?" मी म्हणालो, बरोबर होता. "मग झालं," ते म्हणाले. त्यांना त्यात चूक दिसली नाही आणि मला ती समजावून सांगता आली नाही. गुरुवारी भजनाला गेलो, पण मागच्या रांगेत बसून ओळ उचलण्याआधी दर वेळी इकडेतिकडे बघायचो. हे मी कुणाला बोललो नाही. आपल्या सवयीने आपलं काम घालवलं, हे घेऊन मी आठवडाभर फिरत होतो.

नंतरच्या सोमवारी तालुक्याला गेलो, तर गजूभाऊंनी हाक मारली. गजूभाऊंचं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आमच्या भागातली सगळी मुलं तिथूनच अर्ज भरतात, आणि इमेलच्या रकान्यात गजूभाऊ दुकानाचाच इमेल टाकतात, कारण आमच्यातल्या बहुतेकांना स्वतःचा नसतो. माझ्या अर्जातही तोच होता. कळवू म्हणजे फोनच करतील, असं मी धरून चाललो होतो. आणि गजूभाऊ मेव्हणीच्या लग्नाला गेलेले, दुकान दहा दिवस बंद.

"तुझं आलंय रे दिल्लीचं," ते म्हणाले. "आजच उघडलं. बस."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. इंग्रजीत चार ओळी होत्या. माझी निवड झाली नव्हती. त्यांना वाद्यांची माहिती असलेला माणूस हवा होता. माझ्या कानाबद्दल एक चांगलं वाक्य होतं. खाली कानिटकर मॅडमचं नाव होतं.

"कधी आलंय हे?" मी विचारलं.

गजूभाऊंनी चष्मा वर केला. "शुक्रवार. तुझी मुलाखत झाली त्याच संध्याकाळी."

मी ते पुन्हा वाचून पाहिलं. शुक्रवारच होता. म्हणजे झिलेने काही घालवलेलं नव्हतं; काम दोन दिवस आधीच गेलेलं होतं. आणि रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा मॅडम धरून चालल्या होत्या की मला हे कळलेलं आहे, आणि तरीही मी गाणं ऐकायला आलो आहे.